एकट्याचा संसार : कप्तान जोशुआ स्लोकम

पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट गणेशभक्तांना नव्याने सांगायला नको. कार्तिकेय मोरावर बसून निघाला आणि गणरायांनी आईवडिलांभोवती फेरी घालून पैज जिंकली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांपैकी ज्याने पहिल्यांदा अगदी एकट्याने, एका लहानशा शिडाच्या बोटीतून, समुद्रमार्गे पृथ्वीला फेरी घातली त्याचे नाव जोशुआ स्लोकम. २४ एप्रिल १८९५ रोजी तो अमेरिकेतील बोस्टन बंदरातून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टच्या बंदरात परतला. अंतर ४६,००० मैलांहून अधिक. बोटीत इंजिन नाही, बिनतारी यंत्र नाही, सोबतीला माणूस नाही. आणि या दर्यावर्दी माणसाला पोहताही येत नव्हते.

त्याच्या प्रवासाची हकिगत सांगताना लोक वादळे आणि चाचे यांच्याबद्दलच अधिक बोलतात. दोन्ही त्याच्या वाट्याला आले हे खरे. पण त्या तीन वर्षांचा हिशेब मांडला तर संकटाचे दिवस मोजके निघतात. बाकीचे सगळे दिवस चहा-कॉफी करण्याचे, फाटलेले शिवण्याचे, भांडी घासण्याचे, बटाटे निवडण्याचे आणि संध्याकाळी दिवा लावून वाचत बसण्याचे आहेत. विशेषतः पॅसिफिक आणि हिंदी महासागरातल्या उष्ण कटिबंधातील बेटांमधून जाताना त्याने जे दिवस काढले, ते एका संसारी माणसाचे दिवस होते. संसार मात्र एकट्याचा. तो त्याला का मांडावा लागला, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

घर म्हणजे जहाज

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातला. वडील बूट बनवत. समुद्राचे वेड लागलेल्या या मुलाने चौदाव्या वर्षी घर सोडले आणि एका मासेमारी बोटीवर आचारी म्हणून काम धरले. पुढे खलाशी, मग अधिकारी, मग कप्तान अशी एकेक पायरी तो चढला. शाळा फार झाली नव्हती, पण सूर्य-चंद्र-ताऱ्यांवरून जहाजाचे ठिकाण काढण्याचे गणित त्याने असे आत्मसात केले की पुढे त्याची त्यात ख्याती झाली.

१८७१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे त्याचे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी लग्न झाले. लग्नानंतर ती माहेरी राहिली नाही आणि किनाऱ्यावर बिऱ्हाडही केले नाही. नवऱ्याबरोबर जहाजावरच राहायला गेली. त्यांना सात मुले झाली, त्यांतली चार जगली. मुलांचे पाळणे जहाजावर हलले, त्यांचे शिक्षण आईने जहाजावरच केले. १८८२ साली स्लोकम 'नॉर्दर्न लाइट' या मोठ्या आणि देखण्या शिडाच्या जहाजाचा कप्तान आणि भागीदार झाला. तो त्याच्या आयुष्यातला वैभवाचा काळ होता.

पण वारे फिरत होते. वाफेवर चालणारी पोलादी जहाजे शिडांच्या जहाजांचा धंदा हिसकावून घेऊ लागली होती. स्लोकमला लहान जहाजावर यावे लागले. जुलै १८८४ मध्ये ब्युनोस आयर्स येथे, जहाज नांगरलेले असताना, व्हर्जिनिया आजारी पडून गेली. तिचे वय अवघे चौतीस होते. दोन वर्षांनी त्याने हेटी नावाच्या नात्यातल्या तरुणीशी दुसरे लग्न केले, पण तिला समुद्र मानवला नाही. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे 'ऑक्विडनेक' हे जहाज वाळूत रुतून फुटले. त्यात त्याची सगळी पुंजी गेली. परक्या देशात बायको-मुलांसह अडकलेल्या या माणसाने जहाजाचे वाचलेले सामान आणि तिथले लाकूड घेऊन पस्तीस फुटांची एक होडी बांधली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, १३ मे १८८८ रोजी, ती पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव 'लिबर्डेड', म्हणजे स्वातंत्र्य. तिच्यातून साडेपाच हजार मैल कापून तो कुटुंबाला अमेरिकेत घेऊन आला. हेटीने त्यानंतर पुन्हा दूरच्या सफरीला जाण्याचे नाव काढले नाही.

आता वय पंचेचाळिशीपुढे, हाताला काम नाही, आणि जी विद्या येते तिला बाजारात भाव नाही. आपल्यातल्या अनेक घरांनी ही अवस्था पाहिलेली आहे. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारी चाकरीतल्या माणसांची आणि गिरण्या बंद पडल्यावर कसबी कामगारांची जी गत झाली, तीच शिडाच्या जहाजांच्या कप्तानांची झाली होती.

कुरणातली बोट

१८९२ साली एका जुन्या ओळखीच्या कप्तानाने त्याला एक बोट फुकट देऊ केली. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे जाऊन पाहिले तर ती समुद्रापासून दूर, एका कुरणात टेकू देऊन उभी केलेली, वर्षानुवर्षे कुजत पडलेली. नाव 'स्प्रे', म्हणजे लाटेचे तुषार. गावकऱ्यांना वाटले, हा ती मोडायला आला आहे. स्लोकमने जवळच्या रानातला ओक तोडून आणला, वाफेच्या पेटीत फळ्या मऊ करून वाकवल्या आणि एकेक जुना भाग काढून नवा बसवत गेला. तेरा महिने काम चालले. रोख खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, मजुरी स्वतःची.

तयार झालेली बोट ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती. तिच्यात दोन खोल्या होत्या. मागची साधारण दहा फूट बाय बारा फुटांची, झोपायची-बसायची. पुढची सहा फूट बाय सहा फुटांची, स्वयंपाकाची. मुंबईच्या चाळीतल्या दीड खोलीत ज्यांचे आजी-आजोबा राहिले, त्यांना ही जागा डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. भिंतीला पुस्तकांचे फळे होते. दोन वातींचा एक दिवा होता, जो रात्री उजेड देई आणि दिवसा थोडी जुळवाजुळव केली की चुलीचे काम करी. जोडीला एक छोटी होडी घ्यायची तर तिला ठेवायला जागा नव्हती. म्हणून एक होडी मधोमध कापून अर्धी घेतली. किनाऱ्यावर ये-जा करायला ती होडी, एरवी कपडे धुण्याचे आणि अंघोळीचे टब.

अचूक वेळ दाखवणारे जहाजी घड्याळ दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडले असते. ते त्याने घरीच ठेवले. नोव्हा स्कोशियातल्या यार्मथ गावात एक पत्र्याचे घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटकी म्हणून एका डॉलरला मिळाले. पुढे त्याचा मिनिटकाटाही गळून पडला, तरी त्यावरच त्याने जगाची फेरी पुरी केली. हे वाचून कोणाला वाटेल की दिशाज्ञान दैवावर सोपवले होते. तसे नव्हते. चंद्र आणि सूर्य यांमधील अंतर मोजून वेळ काढण्याची जुनी, किचकट पद्धत त्याला येत होती. पॅसिफिकमध्ये त्रेचाळीस दिवसांनी पहिले बेट दिसले तेव्हा त्याचे गणित आणि प्रत्यक्ष ठिकाण यांत अगदी थोडा फरक निघाला. आणि हिशेब न जुळण्याचे मूळ छापील कोष्टकातल्या चुकीत आहे, हेही त्याने शोधून काढले होते.

पॅसिफिकमधला एक दिवस

जिब्राल्टरपर्यंत जाऊन, सुएझच्या वाटेवर चाच्यांचे भय आहे हे ऐकून, त्याने रोख बदलला. अटलांटिक पुन्हा ओलांडून तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत आला. तिथल्या थंडीने आणि वादळांनी त्याला जेरीस आणले. रात्री झोपेत कोणी बोटीवर चढू नये म्हणून तो डेकवर टोके वर करून चुका पसरून ठेवी. अनवाणी चढलेल्यांच्या किंकाळ्यांनीच त्याला एकदा जाग आली. अखेर एप्रिल १८९६ मध्ये तो पॅसिफिकमध्ये शिरला आणि हवामान पालटले.

चिलीच्या किनाऱ्यापासून दूर असलेले हुआन फर्नांडिस हे पहिले बेट. याच बेटावर अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला होता. 'रॉबिन्सन क्रूसो' कादंबरी त्याच्या हकिगतीवरून सुचली असे मानतात. स्लोकमच्या वेळी बेटावर पन्नासच्या आतबाहेर वस्ती होती. लोक बोटीवर आले तेव्हा त्याने त्यांना कॉफी आणि चरबीत तळलेले गोड बन दिले. वाटेत सापडलेल्या चरबीचा साठा त्याच्याजवळ होता. लोकांना तो पदार्थ इतका आवडला की त्याने त्यांना तो करायला शिकवला आणि थोडी चरबी विकलीही. मोबदल्यात मिळालेली काही नाणी जुन्या बुडालेल्या जहाजातली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी बेटावरच्या मुलांनी त्याच्याबरोबर डोंगरात हिंडून रानफळे गोळा केली, ती मुरवून त्याने वाटेसाठी ठेवली. एका माणसाने मात्र बटाट्यांची अदलाबदल करून आपले किडके बटाटे त्याच्या गळ्यात मारले. समुद्रात पोते उघडले तर आतून पाखरे उडाली!

तिथून सामोआपर्यंत बहात्तर दिवस तो कुठेही थांबला नाही. मार्केसस बेटांपैकी नुकुहिवा लांबून दिसले, तरी नांगर टाकला नाही. या बहात्तर दिवसांचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे.

उष्ण कटिबंधात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे महिनोन्‌महिने एकाच दिशेने वाहतात. बोटीची शिडे नीट जुळवली आणि सुकाणू दोरीने बांधून ठेवले की 'स्प्रे' आपली वाट आपण धरी. त्यामुळे स्लोकमला रात्री झोपता येई. सकाळी उजेड खोलीत आला की उठायचे. सूर्य नेहमी पाठीमागे उगवायचा आणि पुढे मावळायचा, कारण बोट पश्चिमेला चालली होती. डेकवर रात्री येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे, ते तळायचे. ताजी मासळी दारात येऊन पडावी तसाच प्रकार. जोडीला कॉफी, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्वतः भाजलेली पोळी-बिस्किटे. साठ्यात खारवलेला मासा, पीठ, साखर, चहा, लोणी हे असेच. मग शिडांची पाहणी, झिजलेली दोरी बदलणे, कपडे शिवणे. दुपारी सूर्याची उंची मोजून ठिकाण काढायचे आणि नकाशावर खूण करायची. उरलेला वेळ वाचनाचा. संध्याकाळी दिवा. निजताना फळीला कान लागला की खालून वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून बोट नीट चालली आहे की नाही, हे त्याला कळे.

एकटेपणा जाणवत नव्हता असे नाही. प्रवासाच्या सुरुवातीला आपला आवाज हरवेल म्हणून तो मोठ्याने हुकूम सोडून पाही, सुकाणूवर नसलेल्या माणसाला दिशा विचारी. उत्तर यायचे नाहीच. स्वतःचा आवाजच पोकळ वाटू लागला, तेव्हा ते त्याने सोडून दिले. त्याऐवजी गाणी म्हणायला लागला. ऐकायला कासवे आणि डॉल्फिन. कामाच्या क्रमाने त्याला सावरून धरले. ज्या माणसाचे घर, धंदा आणि जोडीदार गेला, त्याने रोजची कामे रोज वेळेवर करून आपले मन जागेवर ठेवले. विधुर झालेल्या कितीतरी वृद्धांना आपण पाहिले आहे, जे सकाळचा चहा स्वतः करायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा हा नेम मोडत नाहीत. त्या नेमाची किंमत बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही.

बेटांवरची माणसे

१६ जुलै १८९६ रोजी सामोआतील अपिया येथे नांगर पडला. पण इतक्या दिवसांनी जमीन दिसूनही तो लगेच उतरला नाही. छताखाली बसून किनाऱ्यावरून येणारी गाणी ऐकत राहिला. एका नावेतून आलेल्या तरुणींनी विचारपूस केली. एवढ्या लांबून तू एकटाच आलास यावर त्यांचा विश्वास बसेना. बरोबरची माणसे तू खाऊन टाकली असशील, असा तर्क त्यांनी हसत हसत लढवला.

सामोआत 'ट्रेझर आयलंड'चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे घर होते. स्टीव्हन्सन दीड वर्षापूर्वीच वारले होते. त्यांच्या पत्नी फॅनी स्वतः बोटीवर आल्या आणि त्याला व्हायलिमा येथील घरी घेऊन गेल्या. स्टीव्हन्सन यांच्या मेजावर बसून पत्रे लिहा, असा आग्रह झाला. स्लोकमला ते धाडसाचे वाटले आणि तो बसला नाही. निघताना फॅनीबाईंनी पतीच्या संग्रहातले समुद्रमार्गांचे मोठे ग्रंथ त्याला दिले. सामोआतील एका गावप्रमुखाने त्याला घरी जेवायला घातले. भेटीदाखल काय द्यावे, किती पैसे द्यावेत, असा विचार याच्या मनात चाललेला पाहून त्याने समजावले की गोरा माणूस डॉलरचाच विचार करतो. इथे तसे करायचे कारण नाही. अळकुड्या, नारळ, नीरफणस यांवर पोसलेल्या त्या गावात कोणी उपाशी नव्हते, ही गोष्ट खिशाला तोटा असलेल्या कप्तानाच्या मनावर कोरली गेली.

तिथून तो ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनी हे त्याच्या लग्नाचे गाव. मेलबर्नला बंदराचा कर भरावा लागला तेव्हा त्याने बोट पाहायला येणाऱ्यांकडून सहा-सहा पेन्स घेतले आणि तो भरून काढला. हाच त्याचा चरितार्थ होता : बोट दाखवणे, प्रवासावर व्याख्यान देणे, आणि जिथे मिळेल तिथे पाहुणचार स्वीकारणे.

२४ जून १८९७ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्सडे बेटावरून निघून तो हिंदी महासागरातील कीलिंग, म्हणजे कोकोस, बेटांवर तेवीस दिवसांत पोचला. अंतर २,७०० मैल, आणि इतक्या दिवसांत सुकाणू हातात धरावे लागले ते सारे मिळून तीनेक तास, तेही बंदरात शिरण्याचा वेळ धरून. नारळाची झाडे, उथळ निळे सरोवर आणि मलाय वस्ती असलेल्या या बेटांवर मुलांनी त्याला घेरले. तो ब्लॅकबेरीचा मुरंबा खात होता, तर मुलांना वाटले कप्तान डांबर खातो आहे! बोटीत स्थैर्यासाठी भरलेले सिमेंट काढून त्याने तिथले अवजड महाशिंपले भरले. याच शांत बेटावर त्याच्या जिवावर बेतले. दुसऱ्या बेटावरून एका सोबत्याबरोबर लहान होडीतून परतताना वाऱ्याचा झोत आला, शीड कोसळले आणि होडी भर समुद्राकडे वाहू लागली. वल्ही नव्हती. त्या दिशेला पुढची जमीन म्हणजे तीन हजार मैलांवरची आफ्रिका. हाताशी असलेल्या एका काठीने पाणी मारत, वारा क्षणभर वळला त्याचा फायदा घेत, कसेबसे ते उथळ पाण्यात लागले. इतक्या वादळांतून गेलेल्या माणसाने सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा धोका म्हणून ही फेरी नोंदवली.

पुढे रॉड्रिग्ज बेट. तिथे एक धर्मगुरू लोकांना प्रवचनात ख्रिस्तविरोधी येणार असल्याचे सांगत होते. नेमकी त्याच सुमारास 'स्प्रे' सगळी शिडे फुगवून वेगाने बंदरात शिरली. एका वृद्धेने घरात शिरून कडी लावली ती तो निघून जाईपर्यंत काढली नाही. इतरांनी मात्र रताळी आणि डाळिंबे देऊन त्याचे स्वागत केले.

सप्टेंबर १८९७ मध्ये तो मॉरिशसला पोचला आणि महिनाभराहून अधिक राहिला. पोर्ट लुईच्या नाट्यगृहात त्याचे व्याख्यान झाले, आणि एके दिवशी तिथल्या मुलींना त्याने 'स्प्रे'मधून फिरवून आणले. मॉरिशसचे नाव आले की आपल्याला दुसरे काही आठवते. कोकणातून आणि आसपासच्या भागांतून उसाच्या मळ्यांत कामाला गेलेली मराठी कुटुंबे त्याच्या आधीच त्या बेटावर वसलेली होती. आपला देव आणि आपली भाषा घेऊन त्यांनी मांडलेला संसार आजही चालू आहे, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

बकरा, नकाशा आणि घर

आफ्रिकेच्या टोकाशी काही काळ काढून, पृथ्वी सपाट आहे असे ठामपणे मानणाऱ्या अध्यक्ष क्रूगर यांचीही भेट घेऊन, एप्रिल १८९८ मध्ये तो सेंट हेलेना बेटावर आला. तिथले गव्हर्नर रॉबर्ट स्टर्नडेल. मध्य प्रांतातील सिवनी आणि सातपुड्याच्या जंगलांवर आणि भारतातल्या सस्तन प्राण्यांवर लिहिणारे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या काळातले तेच हे स्टर्नडेल. त्यांनी स्लोकमला घरी ठेवून घेतले, आणि त्यांच्या पत्नीने वाटेसाठी मोठा फळांचा केक करून दिला.

त्याच बेटावर एका अमेरिकन गृहस्थाने सोबतीसाठी म्हणून त्याला एक बकरा दिला. तो दोऱ्या तोडून खाई. त्याने कप्तानाची गवती टोपी खाल्ली आणि वेस्ट इंडीजचा नकाशाही फस्त केला. असेन्शन बेटावर त्याला उतरवून देण्यावाचून इलाज राहिला नाही. एकट्याच्या संसारात आलेला हा जिवंत सोबती सर्वांत महाग पडला. नकाशा नसल्यामुळे वेस्ट इंडीजच्या बेटांजवळ एका रात्री दूरच्या दीपगृहाचा प्रकाश लाटांवर चमकताना त्याला खडकावर फुटणारे पाणी वाटले आणि पहाटेपर्यंत त्याने जीव मुठीत धरून काढले.

८ मे १८९८ रोजी त्याने सुमारे अडीच वर्षांपूर्वीचा स्वतःचाच मार्ग ओलांडला, म्हणजे पृथ्वीची फेरी पुरी झाली. दरम्यान अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध सुरू झाले होते. 'ऑरेगॉन' ही अमेरिकी युद्धनौका वाटेत दिसली. तिने शत्रूची जहाजे जवळपास आहेत का म्हणून झेंड्यांनी विचारले, तेव्हा या माणसाने, परस्परांच्या संरक्षणासाठी आपण बरोबर राहू, असा उलट संदेश दिला. ग्रेनाडा, डॉमिनिका, अँटिग्वा करत तो घरी पोचला. निघताना होते त्याहून त्याचे वजन एक पौंडाने वाढलेले होते.

किनाऱ्यावरची वर्षे

प्रवासाचे पुस्तक १९०० साली निघाले आणि गाजले. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याने छोटे शेत आणि घर घेतले. हेटीबरोबर तिथे राहण्याचा प्रयत्न केला, फळझाडे लावली. पण जो माणूस ३७ फुटांच्या बोटीत महिनोन्‌महिने नीटनेटके घर चालवत होता, त्याला जमिनीवरचे घर चालवता आले नाही. हिवाळा आला की तो 'स्प्रे' घेऊन एकटाच वेस्ट इंडीजकडे निघून जाई आणि वसंतात शंख-शिंपले विकायला घेऊन परते. हळूहळू बोटीची निगा राहीना, आणि त्याचीही.

या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. १९०६ साली न्यू जर्सीतील रिव्हर्टन येथे, बोट बघायला आलेल्या बारा वर्षांच्या मुलीशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. त्याने आरोपाला आव्हान दिले नाही. बेचाळीस दिवस कोठडीत काढल्यावर, पुन्हा त्या गावात न येण्याच्या अटीवर त्याची सुटका झाली. मोठ्या कामाच्या उजेडात माणसाचे हे काळे कोपरे झाकून ठेवू नयेत. प्रवास थोर होता म्हणून प्रवासी सर्वार्थाने थोर होता असे होत नाही.

१९०८-०९ च्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको आणि अ‍ॅमेझॉन नद्यांकडे जाण्याचा बेत करून तो व्हिनयार्डहून पुन्हा एकटा निघाला. त्यानंतर तो आणि 'स्प्रे' कोणाला दिसले नाहीत. १९२४ साली न्यायालयाने त्याला मृत घोषित केले.

शंभरेक वर्षांनी ही परंपरा आपल्या दाराशी आली. खानापूरच्या जंगलात उगम पावणाऱ्या आणि गोव्यात मांडवी होणाऱ्या म्हादईचे नाव घेऊन, त्याच नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलाची 'म्हादई' ही शिडाची बोट बांधली गेली. ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची, आणि बोट नेली कमांडर दिलीप दोंदे यांनी. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. स्लोकमजवळ होते त्याहून कितीतरी चांगले साहित्य त्यांच्याजवळ होते. पण स्वयंपाक, शिवणटाका, दुरुस्ती, झोपेचे गणित आणि स्वतःशी नीट वागणे ही कामे तीच होती, आणि ती करणारे दोन हातही तेवढेच.

घरापासून लांब राहून घर टिकवणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्यांना कोणी शिकवायला नको. ते मोठ्या समारंभांनी टिकत नाही. रोज दिवा लावावा लागतो, फाटले तर त्याच दिवशी शिवावे लागते, आणि आलेल्या पाहुण्याला जे असेल ते गरम करून द्यावे लागते. फुटक्या घड्याळाचा हा कप्तान समुद्रावर ते तीन वर्षे करत राहिला, म्हणून परत आला.